गाडी कुटं उभी राहती?

गाडी किती चालली, हे गजाबा मिस्त्रीने मला कधीच विचारलं नाही. पहिल्या दिवशीही नाही. पौड रस्त्याच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. मी तिच्यासमोर गाडी लावली, उतरलो आणि सांगितलं, ऑइल बदलायचंय, दहा हजार किलोमीटर पुरे झाले. त्याने किलोमीटरच्या काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "गाडी कुटं उभी राहती?"

मला वाटलं, मुक्कामाचं विचारतोय. "दारात. पिरंगुटला."

"रातचं न्हाई इचारत. इंजान चालू ठिवून कुटं उभी राहती?"

"हिंजवडीत. कंपनीची माणसं नेतो-आणतो."

"मग दहा हजार कुनी सांगितलं?"

"गाडीच्या पुस्तकात आहे."

"त्ये पुस्तक ज्यानं लिवलं त्यो कदी हिंजवडीच्या सिग्नलला उभा राहिला हुता का?"

मी चिडलो. मला चिडायला फार लागत नाही. दुसऱ्याच्या गाड्या धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी. दहा वर्षं ड्रायव्हरकी केली, मग स्वतःची एक गाडी घेतली, तीही जुनी. त्या गाडीचे टायर, सीटकव्हर, आरसे, प्रत्येक गोष्ट मी भांडून कमी भावात आणली होती. समोरच्याने दहा म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप सहा निघतं. तेव्हा मी गजाबाशीही तेच सुरू केलं.

"बरं, मग कितीला बदलायचं?"

"पाच हजाराला."

"आठला बदलू."

"पाच."

"साडेसहा. शेवटचं."

गजाबाने खांद्यावरचं फडकं काढून झटकलं. "मी मेथीची जुडी इकतोय व्हय? त्या इंजनाला इचार, साडेसहाला देतंय का."

मग त्याने मला एक काम दिलं. एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन गाडीत बसायचं, इंजिन किती वेळ चालू राहतं ते लिहायचं आणि संध्याकाळी काटा किती सरकला ते बघायचं. मी ते त्याला खोटं पाडायला म्हणून केलं. हिंजवडीजवळच्या जांबे गावातून सकाळी माणसं उचलली, फाट्यावर अडकलो, कंपनीच्या गेटसमोर रांगेत थांबलो, मॅडम अजून खाली यायच्या होत्या म्हणून एसी चालू ठेवून बसलो. संध्याकाळी हिशेब केला तेव्हा इंजिन अकरा तास चालू होतं आणि गाडी शंभर किलोमीटरही चालली नव्हती. मी कागद नेऊन गजाबाच्या हातात दिला. त्याने तो न वाचता परत केला.

"मला कशाला दावतो? मला म्हाईत हाय. किलोमीटर टायरला मोजायचं. इंजनाला तास मोजायचं. चाक थांबलं म्हंजी इंजान बसलं का खाली?"

त्या दिवसापासून माझ्या गाड्या त्याच्याकडे जाऊ लागल्या. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. आठ वर्षं. आणि आठव्या वर्षी याच माणसाने गिऱ्हाइकासमोर मला खोटं पाडलं. ते मी विसरलेलो नाही. मेल्या-जगल्याचा विषय नाही, एक वाक्य हवं होतं मला: दत्ता, त्या दिवशी मी गप बसायला पायजे हुतं. तेवढ्या वाक्यासाठी मी तीन वर्षं वाट पाहिली. हे लिहायला बसलो त्याचंही कारण तेच आहे. पण रागाने लिहायचं ठरवलं आणि लिहिताना रागच हाताशी येईना. थकवा तेवढा येतो.

गजाबा उंच नव्हता, पण हात त्याच्या अंगाच्या मानाने मोठे होते. बोटांच्या रेषांत काळं इतकं मुरलेलं की आंघोळ करून लग्नाला आला तरी पंगतीत त्याचं पान ओळखू यायचं. बोलणं कमी. गिऱ्हाइकाला "बसा" म्हणायची पद्धत नव्हती, कारण बसायला काही नव्हतंच. एक जुनं टायर होतं, त्यावर त्याची बायको सखूवहिनी दुपारी शेंगा फोडत बसायची.

ऑइल बघायची त्याची रीत ठरलेली. इंजिन थंड होऊ द्यायचं. घाई केली तरी नाही. मग ऑइल मोजायची सळई बाहेर काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची. टोकाचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीने चोळायचा, डोळे मिटायचे आणि बोट नाकाशी न्यायचं. त्या वेळी शेडमध्ये कुणी बोललेलं त्याला चालत नसे. रंगाकडे तो बघायचाच नाही. डिझेल गाडीचा कुणी नवा मालक "केवढं काळं झालंय" म्हणाला की गजाबा म्हणायचा, "डिझेलचं आज घातलं की उद्या काळं. रंगावरनं बोलायला मी काय रंगारी हाय?"

वासावरून त्याला काय काय कळायचं. डिझेल खाली उतरतंय का, पाणी शिरलंय का, ऑइल जळलंय का. एकदा ताम्हिणीकडून एक गाडी टोचन लावून आणली होती. मालक शहरातला. ओढ्याच्या पाण्यातून गाडी घातली आणि बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा चावी फिरवत बसला. गजाबाने सळई काढून त्याच्यापुढे धरली. टोकाला दुधाळ, फेसाळ काहीतरी. "साहेब, चहा झालाय तुमचा," एवढंच म्हणाला. तो माणूस म्हणाला, पण ऑइल तर मागच्या महिन्यातच बदललं. "व्हय की. नवंच बुडालं."

तो ऑइलला खराब झालं असं म्हणायचा नाही. थकलं म्हणायचा. "हे थकलंय. आता ह्याच्याकडनं काम नगं घिऊ." मला तेव्हा ते ऐकून हसू यायचं. हल्ली येत नाही.

ऑइल बदललं की तो गाडीला पट्टी बांधायचा. रिकाम्या डब्याचा पत्रा कापून केलेली दोन बोटांची पट्टी, तारेने बॉनेटच्या आत. तिच्यावर खिळ्याने कोरायचा: पुढचं ऑइल कुठल्या आकड्याला, आणि गाडी उभी कुठं राहते. हिंजवडीला "हि", घाटाला "घा". लवळ्याच्या कॉलेजांना पोरं सोडणाऱ्या गाड्यांना "ल". लग्नात भाड्याने जाणाऱ्या एका पांढऱ्या गाडीवर त्याने "वरात" असं पुरं लिहिलं होतं, कारण वरातीमागे दोन-दोन तास पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या इंजिनाची त्याला दया यायची. प्रत्येकीचा आकडा वेगळा. दोन सख्ख्या भावांनी एकाच दिवशी घेतलेल्या सारख्या दोन गाड्या, तरी एकीला पाच हजार आणि दुसरीला नऊ. भाऊ त्यावरून एकमेकांशी भांडले, म्हणे मिस्त्री तुझ्याशी जास्त सलगी ठेवतो. एक भाऊ जांब्यात खोल्या भाड्याने देऊन दिवसभर फाट्यावर फिरायचा, दुसरा आठवड्याला कोकणात सरळ जाऊन यायचा. एवढाच फरक होता.

गावच्या शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर होते. त्यांची गाडी कापडाखाली झाकलेली. रविवारी देवळापर्यंत जायची, परत यायची. वर्षात नऊशे किलोमीटर. गजाबा त्यांना दर वर्षी ऑइल बदलायला लावायचा. हेडमास्तरांना ते पटत नसे.

"अरे गजानन, नऊशे म्हणजे काहीच नाही. मी तुला गणित शिकवलंय."

"गुर्जी, गणित तुमचं बराबर हाय. पर तुमी देवळापातुर जाताय. इंजान गरम व्हायच्या आदी बंद करताय. आतलं पानी उडतच न्हाई, ऑइलात बसतं. महिन्यातनं एकदा ताम्हिणीला जावून या, मग दीड वर्साला बदलू."

"मी ताम्हिणीला काय करू?"

"भजी खावा."

हेडमास्तर खरंच जाऊ लागले. मास्तरीणबाईंना घेऊन. पुढे मास्तरीणबाई गेल्या, तरी ते एकटे जात राहिले. गजाबाने त्यांच्या पट्टीवर अर्ध्या वर्षाची सवलत कोरली. मी बरोबर त्याच वेळी तिथे होतो आणि म्हणालो, "त्यांना सवलत, आणि आम्ही सहा गाड्या आणतो, आम्हाला काय?"

"तू बी थांबव हिंजवडीत एसी लावून बसायचं. तुला बी दितो."

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. जुनं फिल्टर तो फेकायचा नाही. करवतीने उभं कापायचा, आतला कागद घडी-घडी मोकळा करून उन्हात वर्तमानपत्रावर पसरायचा आणि त्यात धातूची चमक दिसते का ते बघायचा. काही दिसलं नाही तर गप. दिसलं तर मालकाला बोलावून दाखवायचा. काढलेलं ऑइल पिंपात साठवायचा. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं दारं-चौकटींना वाळवी लागू नये म्हणून ते मागायला यायची. तो फुकट द्यायचा, पण अट घालून. "हिरीच्या आसपास सांडलं तर पुन्ना दारात येऊ नगा." आणि डबा घेऊन जाणारा वळणावरून दिसेनासा होईपर्यंत बघत राहायचा.

आता ती गोष्ट.

त्या वर्षी माझी एक डिझेल गाडी दोन्ही पाळ्यांत पळत होती. ड्रायव्हर टिकत नव्हते, कंपनीवाल्यांना वेळेच्या आत गाडी हवी होती, मला गाडी अर्धा दिवससुद्धा उभी करणं जमत नव्हतं. ऑइल दोनदा चुकलं. मी कमी झालं की वरून भर घालत राहिलो. बदललं नाही. मग ती गाडी विकायला काढली. विकायच्या आधी बॉनेटमधली पट्टी मी काढून टाकली. हे मी आज लिहितोय, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाईक आलं ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीवरचा लक्ष्मण. पंचविशीतला, बारीक, कमी बोलणारा. दोन म्हशी विकून आला होता. धबधबे बघायला येणाऱ्या लोकांना स्टेशनपासून घाटात न्यायचं-आणायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. भाव ठरला. माझ्या मनासारखा ठरला. हात मिळवला आणि तो म्हणाला, "भाऊ, एकदा मिस्त्रीला दावून घेतो."

"कुठल्या?"

"गजाबा मिस्त्री. आमच्याकडं समदी त्यांनाच दावत्यात."

मी निर्धास्त होतो. उलट मनात हसलो. गजाबा माझाच माणूस. आठ वर्षं, सहा गाड्या, त्याच्या मुलीच्या लग्नात दोन दिवस मी गाडी फुकट फिरवली होती. मीच लक्ष्मणला बसवून शेडवर घेऊन गेलो.

गजाबाने बॉनेट उघडलं. "पट्टी कुटं हाय?"

"पडली असेल," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. इंजिन थंड व्हायची वाट बघत तो उभा राहिला, आणि आम्ही तिघं वीस-पंचवीस मिनिटं तसेच थांबलो. मग सळई. मग अंगठा, तर्जनी, डोळे मिटून नाक. मग त्याने ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. बोटाला काळा लगदा आला. तो त्याने फडक्यावर पुसला आणि फडकं लक्ष्मणपुढे धरलं.

"दोन खेपा चुकल्यात. सपाटीला चालंल. घाटात चढवशील तर वरीस काढंल का न्हाई, मी सांगू शकत न्हाई."

"मी भर घालत होतो," मी म्हणालो. आवाज चढला होता.

"थकल्याल्या मानसाला नुस्ता चहा पाजून किती दिस राबवशील, दत्ता?"

लक्ष्मण फडक्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "ऱ्हाऊ द्या भाऊ," म्हणाला, आणि रस्त्यावर जाऊन पौडाकडे जाणाऱ्या गाडीला हात करू लागला.

मी गजाबाला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "आठ वर्षं तुमच्याकडे सहा गाड्या आणतोय. एक शब्द कमी बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"त्यो तुज्याकडनं आला नव्हता," गजाबा म्हणाला. "त्यो माज्याकडं आला हुता."

शेजारी दुसऱ्या गाडीखालून काढलेला ऑइलचा ट्रे भरलेला होता. मी त्याला लाथ घातली. ट्रे खांबावर आपटला, ऑइल सगळ्या अंगणात पसरलं, टायरवर बसलेल्या सखूवहिनींच्या पायांपर्यंत गेलं. त्या उठल्या नाहीत. त्यांनी शेंगांचं सूप तेवढं वर उचललं.

गजाबा म्हणाला, "चुलीतली राख आन गं." आणि मला म्हणाला, "गाडी जपून काडा, दत्ताशेट. चाक घसरंल."

त्या आधी त्याने मला शेट कधी म्हटलं नव्हतं.

ती गाडी मी नंतर दूर कुणाला तरी विकली. घेणाऱ्याने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. माहीत करून घेतलं नाही, असं म्हणणं जास्त खरं आहे.

माझ्या गाड्या हायवेवरच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागल्या. तिथे काचेची खोली आहे, गार हवा आहे, कॉफीचं मशीन आहे. गाडी आत जाते ती आपल्याला दिसत नाही, धुऊन बाहेर येते. ऑइल कधी बदलायचं त्याचा मेसेज मोबाइलवर येतो. दहा हजार. गाडी हिंजवडीत उभी राहो की घाटात, दहा हजार. मी तिथे कधी भाव केला नाही, कारण भाव करायला समोर माणूसच नसतो. पहिलं वर्ष मला फार सुखाचं वाटलं. पौड रस्त्याने जाताना शेड आली की मी मुद्दाम समोर बघायचो. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून पत्रा दिसायचाच.

तीन वर्षं अशी गेली. मग या उन्हाळ्यात एक भाडं घेऊन ताम्हिणीला गेलो होतो. पाहुणे धबधब्याच्या कोरड्या दगडांवर फोटो काढत होते, मी ढाब्यावर चहा घेत होतो. पलीकडच्या बाकावरून कुणीतरी हाक मारली. "वळखलं का भाऊ?"

लक्ष्मण. अंगाने भरलेला. बाहेर त्याची गाडी उभी होती, घाटात चालवलेली पण नीट राखलेली. बॉनेट उघडं टाकून त्याने पाणी बघितलं होतं आणि आत तारेला पत्र्याची पट्टी लटकत होती.

"मिस्त्रीनंच बगून दिली," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मिस्त्रींचं कळलं का तुमास्नी?"

"काय?"

"मोठा ताप आला हुता. त्यातनं उटलं, पर नाक गेलं. कशाचा वास येत न्हाई. डाक्टर म्हनला येईल, पर वरीस झालं."

मी उठून त्याच्या बाकावर जाऊन बसलो.

"आता गाडी घेऊन कुनी गेलं का आदी त्येच सांगत्यात. माजं नाक गेलंय, मला ऑइलातलं कळत न्हाई, दुसऱ्याला दावा. मानसं जात्यात परत. मी म्हनलं, मिस्त्री, कशाला सांगताय? तुमी सळई काडून नाकाला लावली तरी लोकास्नी पुरं. तर मलाच शिव्या घातल्या."

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. आता कळेल, असं काहीतरी मनात आलं. चहाचा एक घोट घेईपर्यंत ते टिकलं. मग विचार आला, की या माणसाला गप्प बसता येत होतं. कुणाला कळलं नसतं. पट्टी काढून टाकण्याइतकं ते सोपं होतं. आणि याने आपल्याच तोंडाने आपलंही गिऱ्हाईक परत पाठवलं, जसं माझं पाठवलं होतं. मला तीन वर्षं वाटत आलं होतं की ते त्याने माझ्या विरुद्ध केलं.

तरी राग गेला नाही. तीन वर्षं सांभाळलेली वस्तू अशी हातातून सुटत नाही. मी आठ दिवस घालवले. मग ठरवलं की जायचं आणि ते वाक्य त्याच्या तोंडून काढून घ्यायचं. आता तरी तो म्हणेल, असं वाटलं. माणूस खाली आला की सौदा होतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

शेडसमोर गाडी लावली. एकही गाडी नव्हती. गजाबा टायरवर बसला होता, सखूवहिनींच्या जागी. केस पांढरे झाले होते. मी इंजिन बंद करायच्या आधीच तो म्हणाला, "ग्यासची घेतलीस व्हय."

"घेतली."

"ये, दत्ता."

शेट म्हणाला असता तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

सखूवहिनी पाणी घेऊन आल्या. "बसा भावजी. कुटं बसनार म्हना." मग नवऱ्याकडे बघून, "काल वांगी जळली, घरात ह्ये बसल्यालं आन ह्यास्नी पत्त्या न्हाई. मला म्हंत्यात, तू शीक ऑइलाचा वास घ्यायला. मी म्हनलं, जलमभर तुमच्या कापडांचा घेतला त्यो पुरं झाला."

गजाबा हसला. मी म्हणालो, "ऑइल बघा जरा."

"आदी सांगतो, माजं नाक गेलंय."

"माहीत आहे. तरी बघा."

तो उठला. इंजिन थंड व्हायची वाट बघत आम्ही उभे राहिलो, त्या दिवसासारखेच. मग त्याने सळई काढली, पुसली, घातली, काढली. टोकावरचं ऑइल पिवळसर, स्वच्छ दिसत होतं. "ग्यासच्या गाडीचं लई दिस गोरं राहतं. मानसं फसत्यात." थेंब अंगठ्यावर घेतला, चोळला. "बोटं म्हंत्यात, गेलं. पर बोटांचं मी निम्मंच धरतो." आणि डोळे मिटून त्याने बोट नाकाशी नेलं.

मग डोळे उघडले. हात माझ्यापुढे केला.

"तू घे वास. जळका येतो का?"

वर्कशॉपच्या मेसेजप्रमाणे अजून दोन हजार किलोमीटर बाकी होते. विकायचं असलं की चांगलंय म्हणायचं, घ्यायचं असलं की काही दम नाही म्हणायचं, यात माझा जन्म गेला. मी काहीही सांगितलं असतं तरी त्याला कळणार नव्हतं. मी वाकलो आणि त्याच्या बोटाचा वास घेतला. कढईत शेंगदाण्याचं तेल विसरून राहावं तसा, आणि त्याखाली काहीतरी आंबूस, नाकात चढणारं.

"येतो," मी म्हणालो.

"किती?"

"बराच."

"कमी-जास्त करून सांगू नगंस."

"नाही. बराच येतो."

"मग काड. मला वाकवत न्हाई, खालचा नट तूच खोल."

अंगात पांढरा शर्ट होता. मी गोणपाट टाकून गाडीखाली शिरलो. बारा-पंधरा वर्षांत मी गाडीखाली गेलो नव्हतो. गजाबाने पायाने ट्रे आत सरकवला. त्याच्या एका कडेला मोठा पोचा होता. मी त्या पोच्याकडे बघत राहिलो. नट हातात, ऑइलची धार पडायला लागलेली.

वरून गजाबाचा आवाज आला. "पोचा हाय, पर गळत न्हाई. लाव बिनधास्त."

तेव्हा मी ते वाक्य मागू शकलो असतो. आडवा पडलो होतो, तोंड दिसत नव्हतं, बोलायला सोपं होतं. धार पूर्ण थांबेपर्यंत मी वाट पाहिली. तो बोलला नाही. मीही मागितलं नाही. ट्रे बाहेर सरकवला तेवढा, दोन्ही हातांनी, न सांडता.

नवं ऑइल भरून झाल्यावर त्याने पत्र्याचा तुकडा कापला. खिळा हातात घेतला. आकडे वाकडे आले.

"गाडी कुटं उभी राहती?"

"हिंजवडीत," मी म्हणालो. "एसी लावून. रोजचे पाच-सहा तास."

त्याने "हि" कोरलं आणि पट्टी मलाच तारेने बांधायला लावली.

त्यानंतर गजाबा मला भेटला नाही. श्रावणात शेड बंद झाली, आणि तो मुलीकडे राहायला गेला असं लक्ष्मणने फोनवर सांगितलं. पट्टीवरच्या आकड्याला अजून तीनशे किलोमीटर बाकी आहेत. तेव्हा गाडी कुणाला दाखवायची हे मी ठरवलेलं नाही.

त्या दिवशी निघताना गाडी मागे घेत होतो म्हणून मी आरशात बघत होतो. गजाबा ट्रेपाशी खाली बसला होता. त्याने माझ्या गाडीच्या जुन्या ऑइलात बोट बुडवलं, डोळे मिटले आणि बोट नाकाशी धरलं. मी रस्त्याला लागेपर्यंत ते तिथेच होतं.